कृत्रिम बुद्धिमत्ता : सवयीत सामावणारी रचना

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एखादी सोय लोकांच्या अंगवळणी पडेल की नाही, हे केवळ तिच्या हुशारीवर ठरत नाही. माणसाच्या चालू कामात ती कोणत्या क्षणी आणि कोणत्या वाटेने शिरते, यावरही ते अवलंबून असते. लेखनास साहाय्य करणाऱ्या दोन संगणकीय सोयींचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांपैकी एक मायक्रोसॉफ्टची 'क्लिपी' आणि दुसरी गुगलची 'स्मार्ट कम्पोज'.

न मागितलेला सल्ला

'ऑफिस ९७' या सॉफ्टवेअरबरोबर डोळे असलेली, हालचाल करणारी एक पेपर क्लिप पडद्यावर अवतरली. कुणी पत्राचा मायना टंकित करताच ती पुढे येई आणि पत्रलेखनात मदत हवी का, असे विचारी. तिच्या मागे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील एरिक हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'लुमिएर' प्रकल्प होता. वापरणाऱ्याच्या हालचालींवरून त्याची गरज संभाव्यतेच्या गणिताने ओळखावी आणि तो कितपत सराईत आहे याचीही नोंद ठेवावी, अशी त्या प्रकल्पाची कल्पना होती. बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही कायमस्वरूपी नोंद आली नाही. सल्ला केव्हा द्यायचा, हे तुलनेने साध्या, ठरावीक नियमांवर सोपवले गेले. परिणामी, पत्रलेखनात मुरलेल्या माणसालाही तीच विचारणा होत राहिली. तिला उत्तर देण्यासाठी हातातले काम थांबवावे लागे. २००१ मधील 'ऑफिस एक्सपी'त ही क्लिप मुळातच बंद ठेवण्यात आली आणि 'ऑफिस २००७'मधून ती हद्दपार झाली.

हॉर्विट्झ यांनी १९९९ मध्ये एका शोधनिबंधात यासंबंधीची तत्त्वे मांडली. यंत्राला माणसाचा हेतू नेमका कळलेला नसतो. त्यामुळे मदतीचा लाभ आणि व्यत्ययाची किंमत तोलूनच त्याने कृती करावी, विचारावे की गप्प राहावे, हे ठरवले पाहिजे, असा त्यांचा आशय होता.

चुकीची किंमत

मे २०१८ मध्ये गुगलने जीमेलसाठी जाहीर केलेल्या 'स्मार्ट कम्पोज'ने हाच तोल वेगळ्या रीतीने साधला. वाक्य टंकित होत असतानाच त्याचा संभाव्य शेवट फिकट अक्षरांत पुढे दिसतो. तो पटल्यास 'टॅब' कळ दाबायची, न पटल्यास लिहीत राहायचे; सूचना आपोआप नाहीशी होते. वेगळी खिडकी नाही, प्रश्नही नाही. चुकलेल्या अंदाजाची किंमत येथे जवळजवळ शून्यावर येते. त्यासाठी सूचना १०० मिलिसेकंदांच्या आत येणे आवश्यक मानले गेले आणि गणनेचे काम खास बनावटीच्या चिपवर सोपवावे लागले. २०२१ मध्ये आलेल्या 'गिटहब कोपायलट'ने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी फिकट अक्षरांची आणि 'टॅब' कळीची हीच पद्धत स्वीकारली. रोमन लिपीत टंकित केलेल्या शब्दाचे देवनागरी पर्याय दाखवणारा मोबाइलचा कळफलकही याच पंथाचा आहे.

सहजतेचा धोका

सोय इतकी सहज झाली, की तिच्या चुका मात्र नजरेआड होऊ शकतात. जानेवारी २०१८ मध्ये गुगलच्या एका संशोधकाने, पुढील आठवड्यात गुंतवणूकदाराची भेट होणार असल्याचे इंग्रजी वाक्य लिहिले. त्यापुढे सुचलेल्या प्रश्नात गुंतवणूकदार पुरुषच असल्याचे गृहीत धरलेले होते. त्यानंतर लिंगदर्शक सर्वनामे सुचवणेच बंद करण्यात आले. इंग्रजीत हा उपाय चालून गेला. मराठीत मात्र 'आला' आणि 'आली' यांतील फरक क्रियापदातच असल्याने केवळ सर्वनामे वगळून भागणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा रचनेसाठी १८ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. यंत्रणा काय करू शकते आणि कितपत चुकू शकते हे आधी स्पष्ट करावे, सूचना वेळ पाहून द्यावी, ती सहज नाकारता यावी आणि चूक झाल्यास सहज दुरुस्त करता यावी, ही त्यांपैकी काही. एकाच कळीने होकार देता येतो, तेथे नकारही तितकाच सोपा असणे आणि सुचवलेले वाक्य स्वतःचे नव्हे, हे लिहिणाऱ्याला स्पष्ट दिसत राहणे महत्त्वाचे ठरते. पत्राखाली सही अखेर त्याचीच असते.