विमानाच्या अंगावरील झरोके

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटो-कांद्याच्या लिलावात गुंतलेल्या शेतकऱ्याला डोक्यावरून गेलेल्या विमानाचे विशेष नवल वाटत नाही. कारण मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघाले की थोड्याच अंतरावर ओझर लागते, आणि तेथे १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना पंचक्रोशीत आजही ‘मिगचा कारखाना’ म्हणूनच ओळखला जातो. तेथल्याच धावपट्टीवर आता प्रवासी विमानेही उतरत असल्याने रंगविद्येच्या दोन परस्परविरुद्ध परंपरा येथे शेजारी नांदताना दिसतात. लढाऊ विमानाचा करडा रंग शत्रूच्या नजरेतून निसटण्यासाठी असतो, तर प्रवासी विमानाचा रंग ते कोणत्या मुलखाचे व कोणत्या कंपनीचे, हे दुरूनच जाहीर करण्यासाठी असतो. या दुसऱ्या परंपरेचा आपल्याकडील सर्वांत वैभवशाली अध्याय मुंबईत लिहिला गेला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या विमानावर अलंकरणाला फारशी जागाच नव्हती. त्याच टपालसेवेची पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून लंडनकडे पहिले उड्डाण केले, आणि पुढे अनेक दशके धनुर्धारी नराश्व हेच एअर इंडियाचे निशाण राहिले. कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडविलेला महाराजा हा त्याचा लोकप्रिय सोबती. परंतु तो मुख्यतः जाहिरातींत व कंपनीच्या दफ्तरांत वावरला, आणि विमानाच्या अंगावरील खरी करामत पुढेच व्हावयाची होती.

एप्रिल १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे कंपनीचे पहिले जंबो जेट, हवाई दलाच्या मिग-२१ विमानांच्या सोबतीने, सांताक्रूझला उतरले. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजपूत धाटणीच्या झरोक्याची महिरप काढलेली होती, आणि ते आकाशातील महाल असल्याचा दावा अक्षरांतही मांडलेला होता. इतर कंपन्यांनी खिडक्यांची रांग एखाद्या पट्ट्याखाली झाकून टाकण्यात धन्यता मानली असताना येथे ती रांगच अलंकाराचा आधार झाली, हे मला या रचनेचे सर्वांत मोठे यश वाटते. झरोका म्हणजे आत कोणी तरी बसले आहे आणि बाहेर पाहत आहे याची खूण. यंत्राच्या पोलादी परकेपणावर इतका सुसंस्कृत उपाय दुसऱ्या कोणत्याही कंपनीने योजलेला माझ्या पाहण्यात नाही.

अशा रंगकामामागील श्रम प्रवाशाच्या ध्यानातही येत नाहीत. जुना रंग रसायनाने सोलून काढावयाचा, धातू धुऊन स्वच्छ करून त्यावर प्रायमरचे अस्तर द्यावयाचे, मग पांढरा थर, आणि तो सुकला की स्टेन्सिल व मास्किंग टेप लावून एकेक महिरप उमटवावयाची, तीही अशी की शेकडो फुटांच्या रांगेत कोठे रेषा चळू नये. मोठ्या जेटवरील रंगाचे वजनच काही शे किलो भरते, आणि ते उड्डाणाच्या इंधनात मोजावे लागते. शेपटीवरील सुकाणू रंगविल्यावर त्याचा तोल पुन्हा तपासावा लागतो. हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रे झाकून ठेवावी लागतात, आणि काम संपताच ती आठवणीने उघडावी लागतात, कारण त्यांवर राहिलेली चिकटपट्टी वैमानिकाला उंचीचे व वेगाचे खोटे आकडे दाखविते.

१९८९ मध्ये झरोक्यांना फाटा देऊन नवा वेश आणण्यात आला. तो रुजला नाही आणि काही वर्षांतच झरोके परत आले. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी झालेल्या विलीनीकरणानंतर शेपटीवर हंस आला तरी झरोके टिकले. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी सरकारकडून पुन्हा टाटांकडे गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये लाल, जांभळा व सोनेरी असा नवा वेश जाहीर झाला. त्यातील निशाण खिडकीच्या चौकटीवरूनच घेतलेले आहे, पण प्रत्येक खिडकीची स्वतंत्र महिरप मात्र गेली. नवा वेश देखणा असला तरी मला तो त्या उंचीचा वाटत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या अखेरच्या जंबोंपैकी एक मुंबईहून अमेरिकेस मोडीत काढण्यासाठी रवाना झाले. किल्ले आणि लेणी जतन करणाऱ्या सरकारने व कंपनीने मिळून झरोक्यांचे एक तरी संपूर्ण विमान, त्याच जुन्या रंगांत, महाराष्ट्रात कायमचे उभे करण्याची तजवीज करावी.