कागदावर खुले तळे

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी आपल्या माणसांच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब तळ्यावर गेले आणि त्यांच्यामागे हजारो माणसे गेली तेव्हा. मधली वर्षे तळे कागदावर खुले होते.

हा इतिहास मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण 'खुले' या शब्दातला हा फरक माझ्या स्वतःच्या अंगाला लागला तो एका संगणकासमोर. मी घरातला पहिला पदवीधर. आई शेतमजूर, वडील वीटभट्टीवर. संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो महाविद्यालयात. तिथे लिनक्स होते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार चालवणारी मूळ व्यवस्था. ती फुकट मिळते, तिची आतली रचना कुणालाही वाचता येते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. पासवर्ड टाका म्हणाले. मी कळा दाबत होतो आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हते. अक्षर नाही, ठिपकाही नाही. मला वाटले, यंत्र बिघडले, आणि माझ्याच हातून बिघडले. विचारायला गेलो तर उत्तर आले, "मॅन्युअल वाच." आजूबाजूचे हसले. मी वर्षभर त्या खोलीत पुन्हा गेलो नाही.

बिघडले काहीच नव्हते. शेजाऱ्याला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये म्हणून तिथे अक्षरे दाखवत नाहीत. हे एक वाक्य मला कुणी सांगितले नाही.

पुढे मी या व्यवस्थेचा इतिहास वाचला तेव्हा आश्चर्य वाटले. जिच्या दारात माझ्या अज्ञानाला हसू मिळाले, ती शिकवण्याच्या गरजेतूनच वाढली होती.

१९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. बेल लॅब्सची मालक एटी अँड टी ही दूरध्वनी कंपनी. १९५६ च्या मक्तेदारीविरोधी खटल्यातल्या तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात आणि मूळ संहितेसह मिळू लागले. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास सुमारे नऊ हजार ओळींची ती संहिता विद्यार्थ्यांसाठी छापली आणि तिच्यावर स्वतंत्र भाष्य लिहिले. कुठली ओळ काय करते, का करते, हे त्यांनी उलगडून सांगितले.

मग मालकाला जाग आली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात ही संहिता वर्गात शिकवण्यास मनाई झाली. वापरा, पण शिकवू नका! ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांना या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. लायन्स यांचे भाष्य पुढची जवळजवळ वीस वर्षे फोटोकॉपीच्या रूपात हातोहात फिरत राहिले. छापील पुस्तक म्हणून ते उघडपणे निघाले १९९६ साली.

वर्गात शिकवायला काही उरले नाही म्हणून ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी नवी छोटी व्यवस्था लिहिली. ती १९८७ ची मिनिक्स. तिचे पुस्तक वाचून, तिच्यावरच काम करत, हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जाहीर केले. दुसरीकडे १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली होती. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य तिने परवान्यातच लिहून ठेवले. १९९२ साली लिनक्स त्याच परवान्याखाली आले. तळे खुले झाले.

पण पायऱ्या उतरायला कोण शिकवणार? युनिक्सचे मॅन्युअल १९७१ पासून आहे. ते जाणकाराला आठवण करून देण्यासाठी लिहिलेले आहे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याचे ते बोट धरत नाही. तरीही "मॅन्युअल वाच" हे उत्तर, बहुधा एका शिवीसह, या जगात रूढ झाले. उत्तर देणारा म्हणतो, मीही असाच धडपडत शिकलो. त्याच्या घरी संगणक होता, इंग्रजी होती, चूक करायला मोकळा वेळ होता, हे तो विसरतो. आपल्याला मिळालेल्या सोयीला तो गुणवत्ता म्हणतो.

याला तिथल्याच माणसांनी उत्तर दिले, हेही नोंदवले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या आरंभीच स्वयंसेवकांनी एकेका कामाची सोप्या भाषेतली टिपणे लिहायला घेतली. त्याच दशकाच्या अखेरीस डेब रिचर्डसन यांनी स्त्रियांसाठी लिनक्सचिक्स हा गट काढला. त्याचे मुख्य नियम दोनच: सभ्यपणे बोला, मदत करा. एवढ्या साध्या गोष्टीचा नियम करावा लागला, यावरून बाहेरची हवा कशी असेल ते ओळखावे.

आपल्याकडे केरळात २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने पुढे शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले, आणि त्यासाठी आधी शाळेतल्या शिक्षकांनाच तयार केले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' उभे राहिले. सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्यावर इंग्रजी, कानावर मराठी. जाणकार शेजारी नसलेल्या माणसाने ऐकत ऐकत तेच करून पाहावे, अशी त्यांची घडण आहे. माझी वर्षभराची लाज अशा एका धड्याने वाचवली असती.

तुलनेची मर्यादा मला कळते. महाडला आपल्या माणसांची डोकी फुटली. संगणकासमोर कुणी काठी उगारत नाही. इथे फक्त हसतात. पण पहिल्या पिढीच्या मुलाला दारातून परत पाठवायला हसणे पुरते. म्हणून खुलेपणाच्या घोषणेवर समाधान मानणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या दारात आलेल्या नवख्याने पहिला प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही काय केलेत?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत. परवान्याला पैसे नाहीत म्हणून त्यांवर लिनक्स आहे. नवे मूल आले की हात लावण्याआधीच मी सांगतो, "पासवर्ड टाकताना अक्षरे दिसणार नाहीत. तुझे काही चुकलेले नाही." मागच्या रविवारी नववीतली एक मुलगी शेजारच्या लहान पोराला हेच सांगताना ऐकली. तिच्या घरातही शिकणारी ती पहिलीच.

प्रत्येक अभ्यासिकेत, प्रत्येक वसतिगृहात आठवड्याचा एक तास आपण यासाठी काढू शकतो. शिकलेल्याने शेजारी बसावे, आणि तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्यासारखे उत्तर द्यावे.