परस्पर उत्तेजन, ख्रिस्ती जीवनातील

ख्रिस्ती श्रद्धावंतांनी शब्द, प्रार्थना, भेटीगाठी आणि प्रत्यक्ष मदत यांद्वारे एकमेकांचा विश्वास टिकवण्याची व वाढवण्याची रीत. मराठी मंडळ्यांमध्ये ‘सहभागिता’, ‘साक्ष’, ‘धीर देणे’, ‘बोध करणे’ हे शब्द याच संदर्भात नेहमी येतात. हे काम केवळ पाळकाचे किंवा धर्मगुरूचे नसून प्रत्येक सभासदाचे मानले जाते.

शास्त्राधार : इब्री लोकांस पत्रात एकत्र जमणे न सोडण्याचा आणि दररोज एकमेकांना बोध करण्याचा आग्रह आहे (३:१३, १०:२४-२५). थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल सर्वांना एकच औषध देत नाही : बेशिस्त वागणाऱ्यांची कानउघाडणी, खचलेल्यांना धीर, दुबळ्यांना आधार आणि सर्वांशी सहनशीलता, अशी वाटणी तो करतो (५:१४). बर्णबा हा या बाबतीतला आदर्श. यरुशलेमातील शिष्य पौलाला बिचकत होते, तेव्हा बर्णबाच त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला (प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७).

ठाण्यातील जुना दाखला : १३२१ मध्ये चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू ठाण्यास उतरले आणि येथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात राहिले. टॉलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे देमेत्रियस अशी त्यांची नावे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चौघे मारले गेले. त्यांच्यासोबत आलेले डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डेनस त्या वेळी ठाण्याबाहेर होते. परतल्यावर त्यांनी सोबत्यांचे अवशेष सोपाऱ्यास पुरले. ऑक्टोबर १३२१ मध्ये त्यांनी घोघ्याहून इराणमधील धर्मबंधूंना पत्र लिहून सोपारा, भडोच आणि कोल्लम येथे कामाला वाव असल्याचे कळवले. पुढचे पत्र त्यांनी ठाण्याहून पाठवले. त्यात आजारपण, निंदा, तुरुंग आणि एकटेपण यांचा पाढा आहे, तरी काम सोडल्याची भाषा नाही. ज्याला स्वतःला धीर हवा होता, तोच दुसऱ्यांना इकडे येण्याचे आवाहन करत होता. पुढे ओडोरिक हे फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आले आणि चौघांच्या अस्थी चीनला घेऊन गेले.

मराठीतील रूपे : गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती. रविवारी व सणाला चर्चमध्ये जमून त्यांनी हे पुराण ऐकावे, असा हेतू होता.

एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणाऱ्याचे घर, जात आणि गाव बहुधा एकदमच तुटे. अशा वेळी मंडळी हेच गणगोत होई. अहमदनगरच्या मंडळ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला वळण दिले. टाळ-मृदंगाच्या साथीने चालणाऱ्या कथेत अक्षरओळख नसलेल्यालाही आपला वाटा मिळे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांची पदे ‘उपासना संगीत’मधून आजही सामुदायिक उपासनेत गायिली जातात. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी रोज प्रार्थनेला बसण्याचे आवाहन केले. प्रारंभी सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे साडेपाचशेवर गेली. दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि निराधार विधवा येथे एकमेकींसाठी प्रार्थना करत होत्या, हे या घटनेचे वैशिष्ट्य.

सद्यस्थिती : ठाण्यात टेंभी नाक्याच्या आसपास मंदिरे, अग्यारी आणि १८७९ चे ज्यू प्रार्थनागृह यांच्याबरोबर ख्रिस्ती उपासनास्थळेही आहेत. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च कॅथलिकांचे. सेंट जेम्स चर्च मूळ अँग्लिकन असून १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याचे समर्पण केले. मुंबई महाधर्मप्रांतात शेजारची कुटुंबे छोट्या गटांत जमून शास्त्रवाचन व प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरोघरी प्रार्थना सभा होतात : गीत, शास्त्रपाठ, कोणाची तरी साक्ष, मग प्रार्थनेच्या विनंत्या. परीक्षा, नोकरी, ऑपरेशन, रखडलेले लग्न असे विषय इथे उघडपणे मांडले जातात आणि पुढच्या खेपेला त्यांची चौकशीही होते.

मर्यादा : बोध आणि पाळत यांतली रेघ बारीक आहे. खाजगी अडचण ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून चारचौघांत फिरली, तर सांगणारा पुन्हा तोंड उघडत नाही. दुःखितापुढे वचने म्हणून दाखवण्याने सांत्वन होतेच असे नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. त्यामुळे गलतीकरांस पत्रातील एकमेकांची ओझी वाहण्याच्या आज्ञेची (६:२) कसोटी बोलण्यापेक्षा दवाखान्यातल्या रात्रपाळीत, फीच्या पैशांत आणि दारावर नेऊन दिलेल्या डब्यात लागते.