मूल कोशिका-प्रतिरोपण व इन्फ्ल्यूएंझा

रक्तोत्पादक मूल कोशिकांच्या प्रतिरोपणापूर्वी तीव्र औषधांनी वा प्रारणाने रुग्णाची रोगग्रस्त अस्थिमज्जा बहुधा नष्ट करतात. रोगप्रतिकारक्षमता परत येण्यास अनेक महिने लागतात. या काळात इन्फ्ल्यूएंझा फुप्फुसांत उतरून प्राणघातक ठरू शकतो. भारतात असे पहिले प्रतिरोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये झाले.

पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या पेनिसिलिनाने अनेक जंतुजन्य रोग आटोक्यात आले. तथापि प्रतिजैविके व्हायरसांवर निष्प्रभ असतात. २००९ च्या जगद्व्यापी साथीत एच१ एन१ प्रकाराचा भारतातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात गेला. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकावाटे द्यावयाची लस आणली. तीत दुर्बल केलेला जिवंत व्हायरस असल्यामुळे मूल कोशिका-प्रतिरोपण झालेल्या रुग्णांस ती वर्ज्य होय. त्यांना मृत व्हायरसाची लस टोचतात, तीही सामान्यतः प्रतिरोपणानंतर सहा महिन्यांनी. तोपर्यंत त्यांचे रक्षण मुख्यतः कुटुंबीय व परिचारक यांनी वेळेवर लस टोचून घेण्यावर अवलंबून असते.