मोटारीतील जीपीएस मार्गदर्शक यंत्र

मोटारीतील जीपीएस मार्गदर्शक यंत्र म्हणजे कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांच्या आधारे वाहनाचे स्थान निश्चित करून चालकाला इच्छित स्थळापर्यंतचा मार्ग दाखवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण होय. हे यंत्र वाहनाच्या दर्शनी फलकात बसवलेले असते किंवा समोरच्या काचेवर चिकटवता येते. आता हेच काम बहुतांशी भ्रमणध्वनीवरील नकाशा-अनुप्रयोगही करतात. या यंत्रामुळे अपरिचित प्रदेशातील प्रवास सुकर झाला आहे. मात्र जुने नकाशे, चालकाचे विचलित होणारे लक्ष आणि यंत्रावरील अतिविसंबन यांमुळे अपघात घडल्याचीही उदाहरणे आहेत.

इतिहास

मोटारीत मार्ग दाखवण्याचे प्रयत्न जीपीएसच्या आधीपासून सुरू होते. इ.स. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ हे उपकरण बाजारात आणले. त्यात पडद्यावर पारदर्शक नकाशे सरकवले जात आणि गायरोस्कोपच्या साहाय्याने वाहनाची दिशा ओळखली जाई. इ.स. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील ईटॅक कंपनीच्या यंत्रात नकाशे कॅसेटवर साठवलेले होते. चाकांचे फेरे व होकायंत्र यांवरून ते वाहनाचे स्थान ठरवत असे.

जीपीएस अर्थात जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली अमेरिकेच्या संरक्षण विभागाने लष्करी उपयोगासाठी विकसित केली. तिचा पहिला उपग्रह इ.स. १९७८ मध्ये सोडण्यात आला व इ.स. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. इ.स. १९९० मध्ये माझदा कंपनीच्या ‘युनोस कॉस्मो’ या मोटारीत जीपीएसवर आधारित मार्गदर्शक यंत्र कारखान्यातच बसवलेले होते. त्या काळी नागरी वापरासाठीच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी मिसळली जात असल्याने स्थानात सुमारे १०० मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० रोजी ही त्रुटी काढून टाकण्यात आली. त्यामुळे वाहन कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगण्याइतकी अचूकता सामान्य ग्राहकाला मिळाली. त्यानंतर काचेवर लावायची स्वतंत्र यंत्रे लोकप्रिय झाली. इ.स. २००९ पासून भ्रमणध्वनीवर विनामूल्य मार्गदर्शन मिळू लागल्यावर स्वतंत्र यंत्रांची मागणी घटत गेली.

कार्यपद्धती

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान व अचूक वेळ सतत प्रसारित करतो. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. संकेत प्रकाशाच्या वेगाने येत असल्याने वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. यासाठी उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात. यंत्रातील घड्याळ तितके अचूक नसते. म्हणून स्थानाच्या तीन मोजमापांबरोबर वेळेची दुरुस्ती करण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत आवश्यक असतात.

उपग्रह केवळ स्थान सांगण्यास मदत करतात. रस्त्यांची माहिती त्यांच्याकडे नसते. ती यंत्रातील किंवा इंटरनेटवरून मिळणाऱ्या नकाशात असते. नकाशात चौक हे बिंदू व रस्ते हे त्यांना जोडणाऱ्या रेषा मानून प्रत्येक रेषेला अंतर किंवा वेळेचे मूल्य दिले जाते. त्यांतून सर्वांत कमी मूल्याचा मार्ग शोधला जातो. या शोधाची एक मूलभूत पद्धत डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी इ.स. १९५९ मध्ये प्रसिद्ध केली होती. स्थान, नकाशा आणि मार्गाची निवड हे तीन टप्पे परस्परांहून वेगळे आहेत. त्यामुळे स्थान अचूक असूनही सुचवलेला मार्ग चुकीचा असू शकतो.

फायदे

अपरिचित ठिकाणी मार्गदर्शन: रात्री, पावसात किंवा विचारायला कोणी नसलेल्या रस्त्यावरही मार्ग कळतो. वळण चुकल्यास यंत्र नव्या ठिकाणापासून पुन्हा मार्ग आखते.

ध्वनिसूचना: पुढचे वळण बोलून सांगितले जात असल्याने चालकाला कागदी नकाशा उलगडावा लागत नाही व नजर रस्त्यावर ठेवता येते.

वेळ व इंधनाची बचत: इंटरनेटशी जोडलेली यंत्रे इतर वाहनांच्या वेगावरून वाहतूककोंडी ओळखतात आणि पर्यायी मार्ग सुचवतात. पोहोचण्याची अंदाजे वेळ आधी कळते. पथकर टाळणारा मार्गही निवडता येतो.

आपत्कालीन उपयोग: बिघाड किंवा अपघात झाल्यास नेमके स्थान कळवता येते. जवळचे रुग्णालय किंवा पेट्रोल पंपही शोधता येतो.

नेटवर्कविना वापर: नकाशे यंत्रातच साठवलेले असल्यास भ्रमणध्वनीचे नेटवर्क नसलेल्या घाटमाथ्यावर किंवा वनक्षेत्रातही मार्गदर्शन मिळते. मात्र अशा वेळी वाहतूककोंडीची ताजी माहिती मिळत नाही.

तोटे व मर्यादा

नकाशातील त्रुटी

रस्ते बदलतात, पण नकाशा आपोआप बदलत नाही. नवा महामार्ग जुन्या नकाशात दिसत नाही, तर वाहून गेलेला पूल शाबूत दिसू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोतूळ येथे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. प्रवासी भ्रमणध्वनीवरील नकाशाच्या आधारे जात होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली जिल्ह्यात रामगंगा नदीवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. या पुलाचा काही भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. या प्रकरणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांविरुद्धही गुन्हा नोंदवण्यात आला. अशा घटनांत नकाशातील चुकीबरोबरच रस्त्यावर अडथळे व सूचनाफलक नसणे हेही महत्त्वाचे कारण ठरते.

स्थळनामांचा गोंधळ

एकाच नावाची अनेक गावे असल्यास चुकीचे ठिकाण निवडले जाण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात पिंपळगाव, वडगाव अशी नावे अनेक तालुक्यांत आढळतात. एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावेही बहुधा शेजारी असतात. तालुका व जिल्हा तपासल्याशिवाय केलेली निवड प्रवाशाला भलतीकडे नेऊ शकते. इ.स. २००९ मध्ये इटलीतील काप्री बेटावर निघालेले एक स्वीडिश जोडपे अक्षरांच्या अदलाबदलीमुळे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कार्पी या गावी पोहोचले होते.

संकेतांतील अडथळे

बोगद्यात उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत. उंच इमारतींच्या दाटीत ते भिंतींवरून परावर्तित होऊन येतात व स्थान चुकते. उंचीचे मापन आडव्या मापनापेक्षा कमी अचूक असते. त्यामुळे वाहन उड्डाणपुलावर आहे की त्याखालच्या रस्त्यावर, हे ओळखताना यंत्राची गफलत होऊ शकते.

चालकाचे लक्ष विचलित होणे

वाहन चालू असताना पत्ता टंकित करणे किंवा पडद्याकडे पाहत राहणे धोकादायक असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार केवळ तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते.

अतिविसंबन व दिशाज्ञान

अमेरिकेतील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात यंत्राने दाखवलेल्या निर्जन वाटांवर पर्यटक अडकल्यामुळे तेथील वनरक्षकांमध्ये ‘डेथ बाय जीपीएस’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. समोरचा रस्ता खराब दिसत असूनही यंत्राचेच ऐकण्याची प्रवृत्ती त्यामागे असते. मेंदूच्या कार्यावरील परिणामांचाही अभ्यास झाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सोहो भागात स्वतः मार्ग शोधणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या रस्त्यावर शिरताना अधिक सक्रिय झालेला दिसला. तयार सूचना पाळताना तशी सक्रियता आढळली नाही. इ.स. २०२० मध्ये कॅनडातील संशोधकांना जीपीएसचा अधिक वापर व कमकुवत स्थलस्मृती यांचा संबंध आढळला.

खासगीपणा

यंत्राकडे वापरकर्त्याच्या प्रवासाची नोंद राहते. इ.स. २०११ मध्ये टॉमटॉम कंपनीने गोळा केलेली वेगाची माहिती नेदरलँड्समधील पोलिसांनी वेगमापक कॅमेऱ्यांच्या जागा ठरवण्यासाठी वापरल्याचे उघड झाले. ही माहिती व्यक्तींची नावे वगळून दिलेली होती, तरीही कंपनीला ग्राहकांची क्षमा मागावी लागली.

रहिवासी भागांवरील ताण

कोंडी टाळण्यासाठी सुचवलेले मार्ग अनेकदा अरुंद गल्ल्यांतून जातात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील लिओनिया या गावाने याच कारणास्तव इ.स. २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी अनेक अंतर्गत रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद केले होते.

भारतातील स्थिती

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘नाविक’ ही स्वदेशी उपग्रह प्रणाली विकसित केली आहे. भारत व त्याच्या सीमेपलीकडील सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश हे तिचे मुख्य कार्यक्षेत्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातात धरण्याजोग्या संपर्क-उपकरणाचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी करता येतो. त्यामुळे चालकाची एकाग्रता भंग होता कामा नये, अशी अट आहे.

सुरक्षित वापर

इच्छित स्थळ वाहन सुरू करण्यापूर्वीच नोंदवावे व गावाबरोबर तालुका आणि जिल्हा तपासावा. यंत्र समोरचा रस्ता झाकणार नाही अशा जागी बसवावे, नकाशे वेळोवेळी अद्ययावत करावेत व ध्वनिसूचना चालू ठेवाव्यात. पावसाळ्यात पूल, फरशी किंवा घाटरस्ता वाहतुकीस खुला आहे का, याची स्थानिकांकडे चौकशी करावी. यंत्राची सूचना आणि रस्त्यावरील फलक किंवा प्रत्यक्ष दिसणारी परिस्थिती यांत विसंगती आढळल्यास वाहन सुरक्षित जागी थांबवावे व प्रत्यक्ष परिस्थितीलाच प्रमाण मानावे.

हे सुद्धा पहा

जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली
नाविक
नकाशाशास्त्र
रस्ते सुरक्षा