काचेवरील कर आणि चान्स बंधू

उजेडावरही एके काळी कर होता, ही गोष्ट आम्हां सरकारी चाकरांना अंतर्मुख करणारी वाटते. इंग्लंडात खिडक्यांवर कर असे आणि काचेवर निराळी जकात. ती आकारण्यासाठी अधिकारी थेट कारखान्यात ठाण मांडीत.

अशा काळात, १८२४ साली, रॉबर्ट लूकस चान्स यांनी बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक येथील काच-कारखाना घेतला. तो डबघाईस येताच १८३२ मध्ये बंधू विल्यम भांडवल घेऊन धावले. त्याच सुमारास फ्रेंच तज्ज्ञ जॉर्ज बोंताँ यांच्या साहाय्याने नवी रीत आली: काच नळकांड्यासारखी फुंकावयाची, उभी चिरावयाची आणि तापवून सपाट करावयाची. तावदाने मोठी निघू लागली. परंतु जकातीमुळे ग्राहक बिचकत.

१८४५ मध्ये जकात उठली. १८५१ च्या लंडन-प्रदर्शनासाठी पॅक्स्टन यांनी योजिलेल्या स्फटिक-प्रासादास सुमारे ३ लाख तावदाने लागली. ती चान्स बंधूंनी पुरविली. छपराच्या पन्हळींतून चाकांच्या गाड्या सरकवीत ८० कारागिरांनी एका आठवड्यात १८,००० हून अधिक तावदाने बसविली. त्याच वर्षी खिडक्यांवरील करही गेला.

जकात सर्वांचीच उठली होती; एवढ्या मोठ्या कामास तयार मात्र हे घराणे होते, कारण पडत्या काळात त्याने विद्या सोडली नव्हती. १९४५ मध्ये पिल्किंग्टनांनी निम्मी भागीदारी घेतली, १९८१ मध्ये स्मेदिकच्या भट्ट्या विझल्या. सरकार वाट अडवू शकते, मोकळीही करू शकते. चालावे लागते ते कारागिरालाच. टिपण लिहिताना आम्ही एवढे स्मरावे.