लस, शाळा आणि आईची शंका

यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी या नांवानें ओळखला जाई. त्या काळीं वऱ्हाडांतच काय, साऱ्या महाराष्ट्रांत मुलास देवी आल्या म्हणजे घरीं शीतलेचें आगमन झालें असें मानीत, आणि देवी काढणारा गांवांत आला कीं कित्येक आया मुलें लपवीत. या आयांस अडाणी म्हणून हसावें, असें आम्हांस वाटत नाहीं. त्या वेळीं लस एका मुलाच्या दंडावरील फोडांतून काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचीत. १४ जून १८०२ रोजीं मुंबईस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस लागली, ती याच रीतीनें पुढें पसरली. परक्याच्या फोडावाटे परक्याचा रोगही आपल्या मुलास जडेल, ही भीति निराधार नव्हती. तसें घडतही असे.

लस घरोघर नेणें निराळें, आणि मुलें जेथें जमतात तेथें त्यांवर नजर ठेवणें निराळें. हा दुसरा विचार आपल्याकडे उशिरा आला. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी हिंदुस्थानांत प्रथम झाली ती १९०९ सालीं, बडोदे शहरांत. सयाजीरावांनीं १९०६ मध्यें संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें होतें; मुलांस सक्तीनें एका खोलींत बसविणाऱ्या सरकारावर त्यांच्या प्रकृतीचाही भार येतोच.

देवींचा रोग देशांतून गेल्याचें १९७७ सालीं ठरलें. २०१८ च्या नोव्हेंबरांत गोवर-रुबेलाची लस राज्यांत शाळाशाळांतून टोचली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्यें वाशीम जिल्ह्यांतील देगांवच्या निवासी शाळेंत दोनशेंहून अधिक विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. त्यांतील बहुतेक अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतले. वसतिगृहांत रोग झपाट्यानें पसरतो हें खरें. पण तो दिसला तोही तेथें तपासणी झाली म्हणूनच. घरीं विखुरलेल्या मुलांची अशी मोजदाद कोण करणार?

मात्र नजर ठेवणाराचीच नजर चुकली म्हणजे काय, हेंही यवतमाळनें थोडेंच आधीं पाहिलें होतें. ३१ जानेवारी २०२१ रोजीं घाटंजी तालुक्यांत पांच वर्षांखालील बारा बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजीं हात निर्जंतुक करण्याचें द्रव पाजलें गेलें. मुलें वांचलीं. हींच मुलें पुढें शाळेंत जावयाचीं, आणि तेथेंही कोणी लस घेऊन येणारच. त्या वेळीं एखाद्या आईनें आधीं बाटलीवरील चिठ्ठी वाचून दाखवा म्हटलें, तर परिचारिकेनें राग मानूं नये.